आर्सेनिओच्या नावाचा चौक

गाण्याच्या कार्यक्रमाला जाताना पायांत काय घालावं, हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच पडला. २०१८ सालच्या जूनमध्ये मी भाचीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. ती तिथे एका प्रयोगशाळेत नोकरी करते. तिच्यासोबत काम करणाऱ्या एक बाई मूळच्या पोर्तो रिको बेटावरच्या, पण सगळं आयुष्य न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात गेलेल्या. मामू कविता करतात, एवढंच भाचीने त्यांना सांगितलं होतं. तेवढ्या ओळखीवर त्यांनी आम्हाला एका शनिवारी संध्याकाळी बोलावलं. म्हणाल्या, आमच्या वस्तीतल्या सभागृहात आर्सेनिओ रोद्रिगेसच्या आठवणीचा कार्यक्रम आहे, तुमच्या मामूंना घेऊन ये. आणि जाता जाता बजावलं, ‘सवयीचे बूट घालून या म्हणावं. तिथे कुणी बसत नाही.’

मला वाटलं, बाई गमतीने म्हणाल्या असतील. आपल्याकडे स्मृतिदिनाचा कार्यक्रम म्हटला की फोटोला हार, समई, दोन-तीन भाषणं आणि मग गाणी. त्या सभागृहात गेलो तर खुर्च्या होत्या, पण त्या सगळ्या भिंतीला लावून ठेवलेल्या. मधली जमीन मोकळी. ज्यांचे गुडघे खरोखरच गेले आहेत तेवढीच मंडळी भिंतीकडेला. बाकी सगळे उभे. फोटो होता, पण त्याला हार नव्हता. काळा चष्मा घातलेला, सुटाबुटातला एक सावळा, धिप्पाड माणूस. हातात गिटारसारखं वाद्य.

हा माणूस कोण, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे. मी संगीताचा अभ्यासक नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. स्पॅनिश तर मला मुळीच येत नाही. त्या संध्याकाळनंतर जे मिळालं ते वाचलं, ऐकलं आणि जेवढं समजलं तेवढंच सांगतो.

आर्सेनिओ रोद्रिगेसचा जन्म ३१ ऑगस्ट १९११चा. क्यूबाच्या मातान्सास प्रांतातल्या एका खेड्यातला. क्यूबा म्हणजे साखरेचं बेट. उसाच्या मळ्यांत आणि साखर कारखान्यांत राबायला तिथे आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम करून आणली गेली. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली. म्हणजे आर्सेनिओ जन्मला तेव्हा या गोष्टीला अवघी पंचवीस वर्षं झाली होती. त्याचे आजोबा आफ्रिकेतल्या कॉंगो प्रदेशातून गुलाम म्हणून आलेले. त्यामुळे गुलामगिरी ही त्याला पुस्तकातून कळलेली गोष्ट नव्हती. ती घरातल्या माणसांच्या आठवणीतली गोष्ट होती. कॉंगोचे ढोल, कॉंगोची गाणी, कॉंगोचे धर्मविधी, त्या भाषेतले शब्द, हे सगळं त्याला घरातच मिळालं.

सात-आठ वर्षांचा असताना एका जनावराने त्याच्या डोक्यावर लाथ मारली आणि त्याची दृष्टी गेली. ती पुन्हा कधी आली नाही. मग मुलगा जे हाताला लागेल ते वाजवू लागला. ढोल वाजवले, खोक्यावर लोखंडी पट्ट्या बसवलेलं मारिंबुला नावाचं वाद्य वाजवलं आणि शेवटी त्याचा हात ‘त्रेस’वर स्थिरावला. १९२६ साली चक्रीवादळाने त्यांचं घर जमीनदोस्त केलं आणि कुटुंब राजधानी हवानाला आलं.

त्रेस म्हणजे स्पॅनिशमध्ये तीन. गिटारच्या जातीचंच हे क्यूबन वाद्य. तारा सहा, पण त्या तीन ठिकाणी दोन-दोन अशा जोडीने बांधलेल्या. म्हणून नाव त्रेस. गिटारचा आवाज गोल, तर त्रेसचा आवाज टोकदार, धातूसारखा खणखणीत. आमच्याकडे मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत जुळणीला बसवलेल्या तारेचा जो आवाज सकाळी कानांवर येतो, त्याची मला त्या सभागृहात आठवण झाली. क्यूबाच्या पूर्व भागातल्या डोंगराळ मुलखात ‘सोन’ नावाचा गाण्याचा प्रकार जन्मला. तिथला शेतकरी त्रेस वाजवायचा. स्पेनमधून आलेली तार आणि काव्य, आफ्रिकेतून आलेला ताल आणि समूहाने गायची पद्धत, यांचा तो संसार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोन हवानात पोचला आणि १९२०च्या दशकात रेकॉर्डवर आणि रेडिओवर आला. तेव्हा त्याचा ताफा सहा जणांचा असे. पुढे त्यात एक ट्रंपेट आला आणि सात जण झाले.

आता त्या संध्याकाळकडे येतो. मंचावर तीन ट्रंपेटवाले, पियानो, उभं मोठं बास, बोंगो, उंच कोंगा ढोल, त्रेस घेतलेला एक तरुण आणि तीन गायक. कुणी निवेदन केलं नाही. पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ पुढे आले. त्यांच्या हातात वीतभर लांबीच्या दोन गोल लाकडी कांड्या. त्यांनी त्या एकमेकींवर मारायला सुरुवात केली. पाच टोले. पुन्हा तेच पाच टोले. पुन्हा तेच. सभागृहातली माणसं बोलायची थांबली आणि त्यांचे हात आपोआप त्या पाच टोल्यांवर पडू लागले.

या कांड्यांना ‘क्लावे’ म्हणतात आणि त्या पाच टोल्यांच्या आकृतीलाही क्लावेच म्हणतात. हे समजलं की क्यूबाचं अर्धं संगीत समजलं, असं जाणकार सांगतात. तुम्हाला घरबसल्या करून बघता येईल. आपल्या तीनतालासारख्या सोळा मात्रा मोजा. टाळी मात्र पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर द्या. सावकाश द्या. पहिल्या आठ मात्रांत तीन टाळ्या येतात, पुढच्या आठांत दोन. पहिला भाग ओढून नेतो, दुसरा जागेवर आणून सोडतो. तीनतालात चार-चारचे चार सारखे खण असतात. इथे सारखेपणा मुद्दाम मोडला आहे आणि त्या मोडण्यातूनच चाल येते. पियानो, बास, ढोल, ट्रंपेट, गाणाऱ्याचे शब्द, सगळ्यांनी या पाच टोल्यांशी इमान राखायचं. गंमत म्हणजे कित्येकदा ते टोले कुणी प्रत्यक्ष वाजवतही नाही. पण वाजवणाऱ्याच्या आणि नाचणाऱ्याच्या मनात ते चालू असतात. तिथे चुकला तो वाजवणारा कितीही तयारीचा असो, लोक तोंड वाकडं करतात.

दुसरं की तिसरं गाणं सुरू झालं आणि आमच्या यजमान बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘हे ‘ब्रुका मानिग्वा’. हे नीट ऐका.’ गाणं संथ होतं. आर्सेनिओने ते केलं तेव्हा तो पंचविशीत होता. १९३७ साली हवानाच्या ‘कासिनो दे ला प्लाया’ या वाद्यवृंदाने ते ध्वनिमुद्रित केलं, मिगेलितो वाल्देस या गायकाच्या आवाजात. या गाण्याने आर्सेनिओचं नाव क्यूबाभर झालं. पण त्या गोऱ्या वादकांच्या वाद्यवृंदात काळ्या आर्सेनिओला वादक म्हणून जागा नव्हती. गाणं चालत होतं, गाणं करणारा चालत नव्हता.

या गाण्यात बोलणारा माणूस एक गुलाम आहे. तो आपली आफ्रिकन जात सांगतो, स्वातंत्र्यावाचून जगणं शक्य नाही म्हणतो आणि गोऱ्या मालकाने आपला देह कसा संपवला ते सांगतो. आशय एवढाच. पण खरी गोष्ट आहे ती भाषेची. हे गाणं शुद्ध स्पॅनिशमध्ये नाही. आफ्रिकेतून नुकत्याच आणलेल्या माणसांची मोडकी स्पॅनिश होती, तिला ‘बोसाल’ म्हणत. क्रियापदं चुकलेली, लिंग-वचन चुकलेलं, मध्येच कॉंगोचे शब्द. हवानाच्या नाटकांत ती भाषा विनोदासाठी वापरली जायची. काळा नोकर मंचावर यायचा, तसं बोलायचा आणि प्रेक्षक खो खो हसायचे. आर्सेनिओने तीच भाषा उचलली आणि तिच्यात स्वातंत्र्याचं गाणं केलं. ज्या बोलीवर हसायची सवय होती, तिच्यावर लोक नाचू लागले. नाचता नाचता काय ऐकतो आहोत, ते हळूहळू त्यांच्या लक्षात येऊ लागलं.

हे कळलं आणि मी जरा बाजूला जाऊन भिंतीकडेच्या खुर्चीवर बसलो. माझ्या घरातली भाषा दखनी. ‘मेरेकू’, ‘तेरेकू’, ‘नक्को’ अशी. हे ‘नक्को’ आम्ही मराठीकडूनच घेतलेलं. उर्दूवाले म्हणत, ही काय भाषा आहे? मराठी शाळेतली मुलं म्हणत, ही काय भाषा आहे? मी चांगलं मराठी शिकलो, मराठीवर जीव लावला, चाळीस वर्षं तिच्यात कविता लिहिली. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण माझी आई ज्या भाषेत रडली, त्या भाषेत मी एक ओळसुद्धा कधी लिहिली नाही. लोक हसतील असं वाटलं. आणि इथे एक पंचविशीतला आंधळा पोरगा ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी ते करून गेला होता.

असो. आर्सेनिओचं दुसरं मोठं काम हे की, त्याने ताफ्याचा आकार बदलला. १९४०च्या सुमारास त्याने स्वतःचा ताफा उभा केला. जुन्या सात जणांच्या सोनमध्ये त्याने पियानो आणला. एका ट्रंपेटचे दोन, मग तीन केले. आणि सगळ्यांत धाडसाची गोष्ट म्हणजे कोंगा ढोल आणला. आज जगातल्या कुठल्याही पॉप वाद्यवृंदात कोंगा दिसतो, म्हणून आपल्याला त्यात धाडस वाटणार नाही. पण तेव्हा तो रस्त्यावरचा, कार्निव्हलचा, काळ्यांच्या वस्तीतला ढोल होता. प्रतिष्ठितांच्या नाचघरात त्याला जागा नव्हती. रस्त्यावर तो वाजवण्यावर सरकारनेही वेळोवेळी बंदी घातलेली. आर्सेनिओने तो आणून मंचावर ठेवला आणि त्यामागे आपल्याच सख्ख्या भावाला उभं केलं. या नव्या ताफ्याला ‘कोंहुंतो’ म्हणतात. पुढे सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कहून ‘साल्सा’ या नावाने जे संगीत जगभर गेलं, त्याचा सांगाडा हाच.

गाण्याची बांधणीही त्याने बदलली. सोनचे दोन भाग असतात. पहिल्या भागात गायक कडवी गातो. दुसऱ्या भागात, ज्याला ‘मोंतुनो’ म्हणतात, कोरस एक छोटी ओळ धरून ठेवतो आणि गायक तिच्या आधाराने आयत्या वेळी नवं नवं रचून म्हणतो. आपल्या शाहिरामागे झीलकरी जशी ओळ उचलून धरतात, किंवा कव्वालीत एकच मिसरा साथीदार घोळवत राहतात आणि मुख्य कव्वाल त्यावर गिरह लावत जातो, तसंच काहीसं. आर्सेनिओने या दुसऱ्या भागाला मोठं केलं. शेवटाकडे ट्रंपेट एकावर एक थर चढवत जातात, खाली पियानो आणि त्रेस तेच तेच वळण घोटत राहतात, कोरस ओरडून साथ देतो आणि सगळं उकळीला येतं. या भागाला तो ‘दिआब्लो’, म्हणजे सैतान म्हणायचा. पुढे पेरेस प्रादोच्या नावाने ‘मांबो’ जगभर गाजला, तेव्हा त्याचं मूळ आपल्या या सैतानात आहे, असं आर्सेनिओचं म्हणणं होतं. मांबोचा बाप कोण यावर क्यूबात दावे अनेक आहेत आणि त्या भांडणात मी पडत नाही. पण त्या सभागृहात सैतान उठला तेव्हा काय होतं, ते मी पाहिलं. भिंतीकडेच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. गुडघेवालेसुद्धा उठले.

एक गोष्ट मात्र मला अनपेक्षित होती. आपली समजूत अशी की, हे संगीत म्हणजे धांगडधिंगा, वेग, अंगविक्षेप. आर्सेनिओचं गाणं धावत नाही. त्याची लय ठाय आहे, वजनदार आहे. पाय घासत, मागे रेलून, घाई न करता नाचायचं. सत्तरीच्या पुढचं एक जोडपं माझ्यासमोर नाचत होतं. दोघांची पावलं दीड फुटाच्या चौकोनाबाहेर जात नव्हती. तेवढ्यात सगळं होतं.

ही लय आली ती नाचणाऱ्यांकडून. १९४०च्या दशकातल्या हवानात गोऱ्या श्रीमंतांचे क्लब वेगळे होते. काळ्यांना तिथे प्रवेश नव्हता. काळ्या कामगारांच्या मंडळांचे नाच ‘ला त्रोपिकाल’ या दारूभट्टीच्या बागेत होत. आर्सेनिओचा ताफा तिथला राजा. लोक त्याला ‘एल सिएगो माराविलोसो’ म्हणत, म्हणजे अद्भुत आंधळा. तो त्या लोकांच्या मोहल्ल्यांवर गाणी करायचा. हवानातल्या ‘एल सेर्रो’ वस्तीवर त्याचं गाणं आहे. पुढे न्यूयॉर्कला गेल्यावर ब्रॉंक्सच्या लोकांवर त्याने गाणं केलं, ‘ला हेंते देल ब्रॉंक्स’. आमच्या कार्यक्रमात ते लागलं तेव्हा सभागृहाने छप्पर उचललं. आपल्या गल्लीचं नाव गाण्यात यावं, यासाठी माणूस काय वाटेल ते द्यायला तयार असतो. ते आर्सेनिओला समजलं होतं.

त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत हळवी गोष्ट १९४७ची आहे. डोळ्यांवर काही उपाय होतो का, हे पाहायला तो न्यूयॉर्कला गेला. तिथे डॉ. रामोन कास्त्रोविएहो हे डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत नावाजलेले स्पॅनिश डॉक्टर होते. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की, दृष्टीची नसच गेलेली आहे, काही होणार नाही. सात-आठ वर्षांचा असल्यापासून पस्तीस वर्षांचा होईपर्यंत त्याने मनात कुठे तरी आशा ठेवली असणार, ती त्या दिवशी संपली. सांगतात की, तो खोलीवर आला, मला एकटं सोडा म्हणाला आणि काही वेळाने भावाला बोलावून त्याने एक गाणं लिहून घ्यायला सांगितलं. ‘ला विदा एस उन स्वेन्यो’, म्हणजे आयुष्य हे स्वप्न आहे. हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध बोलेरो. बोलेरो म्हणजे संथ प्रेमगीताचा प्रकार. पण यात प्रेयसी नाही. भ्रमनिरास झालेला एक माणूस आहे आणि त्याने स्वीकारलेलं वास्तव आहे. त्यात डोळ्यांचा, डॉक्टरचा, आंधळेपणाचा उल्लेख नाही. म्हणून ते कुणाचंही गाणं होऊ शकतं. मी कविता लिहिणारा आहे, म्हणून मला हे विशेष वाटतं. एवढा ताजा घाव झालेला असताना त्याने घावाचं वर्णन केलं नाही.

त्या रात्री हे गाणं एका बाईंनी म्हटलं. त्या वेळी मात्र कुणी नाचलं नाही. सगळे उभे राहिले.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आर्सेनिओ कायमचा न्यूयॉर्कला आला. हवानातला ताफा त्याने ट्रंपेटवादक फेलिक्स चापोतीन यांच्या हाती दिला आणि तो पुढे चापोतीनच्या नावाने गाजला. न्यूयॉर्कमध्ये मात्र काळ बदललेला होता. तिथे मोठमोठ्या मांबो वाद्यवृंदांची चलती होती. झगमगीत, वेगवान. आर्सेनिओची ठाय लय तिथल्या बड्या नाचघरांत फारशी चालली नाही. ब्रॉंक्स आणि हार्लेमच्या लहान क्लबांत तो वाजवत राहिला. प्रयोगही करत राहिला. १९५७ साली साबू मार्तिनेसच्या ‘पालो कोंगो’ या रेकॉर्डवर त्याने आपल्या आजोबांच्या कॉंगो परंपरेतलं संगीत वाजवलं. पण १९६०च्या दशकात तरुण मुलं दुसरीकडे वळली. ३० डिसेंबर १९७० रोजी लॉस एंजलिसमध्ये तो वारला. वय एकोणसाठ.

आणि मग सुरू झाल्या आदरांजल्या. १९७१ साली, म्हणजे तो गेल्यावर लगेच, लॅरी हार्लो या पियानोवादकाने त्याच्या नावाने संपूर्ण रेकॉर्ड काढली. हार्लो ब्रुकलिनमधल्या ज्यू कुटुंबातला. तरुणपणी क्यूबाला जाऊन हे संगीत शिकलेला. आर्सेनिओवरच्या त्याच्या भक्तीमुळे लोक त्याला ‘एल हुदिओ माराविलोसो’ म्हणू लागले, म्हणजे अद्भुत ज्यू. गुलामाचा नातू, त्याच्या नावाची पदवी एका ज्यू मुलाला मिळते आणि दोघांनाही ती शोभते, हे मला फार आवडलं. हार्लोही २०२१ साली गेला. १९९६ मध्ये हवानात ‘बुएना विस्ता सोशल क्लब’ नावाची रेकॉर्ड झाली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात येऊन जगभर गाजली. तिच्यात पियानो वाजवणारे वृद्ध रुबेन गोन्सालेस हे तरुणपणी आर्सेनिओच्या ताफ्यात होते. त्याच मंडळींतल्या इब्राहिम फेरेर यांच्या १९९९च्या रेकॉर्डची सुरुवात ‘ब्रुका मानिग्वा’ने होते. १९९८ साली मार्क रिबो या न्यूयॉर्कच्या गिटारवादकाने आर्सेनिओच्या रचनांवर बेतलेली रेकॉर्ड केली आणि आपल्या ताफ्याचं नावच ‘नकली क्यूबन’ असं ठेवलं. २०१३ साली ब्रॉंक्समधल्या एका चौकाला आर्सेनिओ रोद्रिगेसचं नाव दिलं गेलं.

पण या कौतुकाला दुसरी बाजूही आहे. अमेरिका आणि क्यूबा यांचे संबंध साठच्या दशकात तुटले, आर्थिक बंदी आली. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या किती तरी रेकॉर्डांवर जुन्या क्यूबन गाण्यांखाली रचनाकाराचं नाव छापलेलं नाही. त्या जागी दोनच अक्षरं आहेत, ‘डी. आर.’. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘हक्क राखीव’. कुणाचे हक्क आणि कुणी राखलेले, ते काही लिहिलेलं नाही. गाणं नाचघरात वाजतं, रेडिओवर वाजतं, लोकांच्या तोंडी होतं आणि ते ज्याने केलं तो हवानाच्या एखाद्या गल्लीत म्हातारा होत असतो. त्याला पैसा जात नाही आणि नावही जात नाही.

आमच्या यजमान बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मला माझ्या धाकट्या चाचांची आठवण आली. चाचा आमच्या तालुक्याच्या गावी लग्नाच्या बॅंडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. हिंदू-मुसलमान कुणाचंही लग्न असो, वरातीला हाच बॅंड. वाजवायची ती सिनेमाची गाणी, पण दोन गाण्यांच्या मधल्या वाटचालीसाठी चाचांनी स्वतःच्या चाली केल्या होत्या. सात-आठ तरी होत्या. दुसऱ्या गावचे बॅंडवालेही त्या वाजवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, जुनी चाल आहे. चाचा ऐकून हसायचे आणि पान लावायचे. १९९४ साली ते गेले. चाळिसाव्याला जेवण घातलं, कुराण पढवलं आणि क्लॅरिनेट माळ्यावर गेलं. मी तेव्हा कवी म्हणून थोडाफार ओळखला जात होतो. माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता. चाचांची एकही चाल मी कधी टेप केली नाही. डी. आर. छापणाऱ्यांना नावं ठेवायचा मला किती अधिकार आहे, याचा मी त्या रात्री परतीच्या गाडीत विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी भाचीला म्हटलं, मला तो चौक दाखव. ती म्हणाली, ‘मामू, तिथे बघण्यासारखं काही नाही हो, नुसती पाटी आहे.’ तरी गेलो. खरोखरच नुसती पाटी होती. विजेच्या खांबासारख्या एका खांबावर, रस्त्यांच्या नावांच्या इतर पाट्यांबरोबर. खाली एक किराणा दुकान, काही मुलं, टायर बदलणारा एक इसम. कुणी वर बघत नव्हतं. पण त्या गल्लीत राहणाऱ्याला आपला पत्ता सांगताना कधी ना कधी ते नाव उच्चारावं लागत असणार. शेजारच्या इमारतीतल्या कुठल्या तरी खिडकीतून रेडिओ ऐकू येत होता. गाणं नवीन होतं, आर्सेनिओचं नव्हतं. मी सहज मात्रा मोजायला लागलो. पहिली, चौथी, सातवी, अकरावी, तेरावी.

गावी परतल्यावर मी चाचांच्या बॅंडमधली माणसं शोधायला लागलो. क्लॅरिनेटवाले दोघेही गेलेले. बॅंडचा गणवेश शिवणारे टेलर गेलेले. शेवटी मोठा ढोल वाजवणारे एक म्हातारबाबा सापडले, मुलाकडे राहणारे. ऐकू कमी येतं, पण लक्षात सगळं. त्यांनी मांडीवर ताल धरून तोंडाने चाचांच्या दोन चाली म्हणून दाखवल्या. तिसरी अर्ध्यावर अडली, ती आजवर पुढे सरकलेली नाही. मी मोबाइलवर टेप केल्या आणि आमच्या गावच्या हार्मोनियम शिकवणाऱ्या गुरुजींकडून त्यांचं नोटेशन लिहून घेतलं. गुरुजींनी कागद पुरा करून मला विचारलं, ‘वर काय लिहू? पारंपरिक?’

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि चाचांचं पूर्ण नाव लिहिलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)